अस्तर भरून येण्याचे दिवस

खातीपुरा, जयपूर
१२ फेब्रुवारी २००८

आदरणीय आई,
द्वारकाचा सविनय जय भीम.

ह्यांना काल दवाखान्यातून घरी आणलं, काळजी करू नका. तुमचे गुडघे कसे आहेत?

फोनवर तुम्ही म्हणालात, खरं लिही. किरणांच्या शेकाने पोटातली कॅन्सरची गाठ आटली, पण आतड्याचं अस्तरही सोललं गेलं. पाणीसुद्धा टिकेना. गेल्या बुधवारी रक्त पडलं, तेव्हा शेक थांबवून सलाइन लावली.

डॉक्टरीणबाईंनी मला हिंदीत समजावलं. म्हणाल्या, "दीदी, हे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. त्यातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात. शेजारच्या पेशी त्यांना इशारा देतात, मग त्या नव्या पेशी तयार करतात. शेकात मूळ पेशीही जळतात. पण थोड्या जरी उरल्या असतील, तरी अस्तर भरून येईल."

"आणि उरल्याच नसतील तर?"

त्यांनी कागदावर पेज कधी सुरू करायची ते लिहून दिलं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

शेक थांबवून आज सहा दिवस झाले. सकाळी तीन चमचे पेज घेतली, अजून उलटी नाही. सलोनी सारखी विचारते, "पापा ठीक हैं ना?" मी हो म्हणते.

ह्यांच्या उशाशी बसून लिहिते आहे. ह्यांनी कूस बदलली तरी माझा हात थांबतो.

आई, आत्ता डोळे उघडून म्हणाले, "द्वारका, भूक लागली." मला रडूच आलं. पेज गरम करायला उठते.

तुमची सून,
द्वारका