सर्व्हर आपला, दार माझं

४ मे
मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी, म्हणून ही रोजनिशी.
आजच्या मीटिंगमध्ये परक्या कंपनीच्या व्हिडिओ-मीटिंगच्या ॲपने साहेबांना ऐन रागावण्याच्या भरात तोडलं. मी उठून म्हणालो, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी किती दिवस प्यायचं? मीटिंगचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्याच ऑफिसात आपला सर्व्हर बसवू. साहेब म्हणाले, बसवा.
आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि मी तक्रारींचे फोन घेतो. पण वाचता येतं, म्हणजे सगळं येतं. दुपारभराचं काम.
सोळा तारखेपासून ही आणि मी, आठ दिवस समुद्रावर. लग्न झाल्यापासून ही समुद्र समुद्र करते आहे. यंदा तिकिटं काढूनही झाली. तोवर सर्व्हर बसून जुना होईल.

५ मे
सूचनेत पहिलीच ओळ: मशीन कोरं हवं, त्यावर दुसरं काही नको. ही माणसं फार घाबरट. स्टोअररूममधलं जुनं मशीन घेतलं. त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. दोघं गुण्यागोविंदाने राहतील.

६ मे
राहिली नाहीत. हिशेबवाल्या बाई माझ्याशी बोलत नाहीत.

८ मे, संध्याकाळ
सर्व्हर चालू. सेल्सवाल्याशी पहिली मीटिंग. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. तो म्हणाला, मी तुमच्या शेजारच्या टेबलावर आहे, आवाज तसाही येतो. काहींना दृष्टी नसते.

१० मे
बाहेरच्या शाखा जोडल्या. सगळे दिसतात, कोणी ऐकू येत नाही. साहेब बराच वेळ तोंड हलवत होते. शांततेत काम छान होतं, असं मी सुचवून पाहिलं.
घरी हिला सांगितलं, दोष आपल्या इंटरनेटचा. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बॅग भरायला काढली आहे तिने. माझे शर्ट विचारत होती. म्हटलं, उद्या.

११ मे
नेटवर्कची दारं बंद होती म्हणून आवाज अडत होता, असं इंटरनेटवरच्या एका मंचावर अनोळखी सज्जनाने लिहिलं. उघडली. आवाज आला. साहेब चक्क शाब्बास म्हणाले. सज्जनाचा उल्लेख करायचं राहून गेलं.

१२ मे
दारं उघडी म्हणजे कोणीही घुसणार. म्हणून नियम केला: मी माझ्या कॉम्प्युटरवर ‘आत घ्या’ दाबल्याशिवाय कोणाला प्रवेश नाही. साहेबांनाही नाही. पासवर्डही असा ठेवला की कोणाच्या बापाला सुचणार नाही.
दुपारी मी चहाला गेलो होतो, तेव्हा साहेब दाराशी थांबले. आत आले तेव्हा चेहरा लालबुंद होता. कॅमेऱ्याचे रंग तपासायला हवेत.

१४ मे
साहेबांनी विचारलं, तुम्ही सुट्टीवर गेलात तर मीटिंग कोण उघडणार? मी अभिमानाने सांगितलं, कोणीच नाही. ते म्हणाले, मग जाऊ नका.
जिन्यापर्यंत बरं वाटलं. मग समुद्र आठवला.
परत येऊन नियम काढायला बसलो. पासवर्ड मागितला. कोणालाच सुचणार नाही असा ठेवलेला. मलाही सुचला नाही. आता मी आत आहे तो फक्त या कॉम्प्युटरवर, आणि तोही बंद केला नाही तोवर. सगळं पुसून पुन्हा बसवतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, चालतंय त्याला हात लावाल तर खबरदार.
सफाईवाल्यांना सांगितलं, या टेबलाचं स्विच कोणी बंद करायचं नाही. कारण विचारलं. सुरक्षा, म्हटलं.

१५ मे
हिला सांगितलं. मला वाटलं चिडेल. नाही चिडली. म्हणाली, “तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजा. मी ताईला घेऊन जाते.” मग बॅगेतून माझे शर्ट काढले आणि घड्या न मोडता कपाटात ठेवले. फार वाईट वाटलं. पण कर्तबगार माणसाला हे चुकत नाही.

१७ मे
कल्पना सुचली. हिलाच सर्व्हरवर बोलवायचं. तिला समुद्रावरून मी दिसेन, मला समुद्र. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर वाट पाहत बसलो. आली नाही. लिंक उघडत नाही म्हणे. तिच्या फोनचा दोष असावा.

१९ मे
दुपारी हिने फोनवरूनच साधा व्हिडिओ कॉल केला. सगळं स्वच्छ दिसत होतं, ऐकू येत होतं. हे मी ऑफिसात कोणाला सांगणार नाही.
केस वाऱ्यावर उडत होते, पाय पाण्यात. इतकी मोकळी हसताना तिला मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, “अहो, थांबा, लाट येतेय, दाखवते.” फोन फिरवला आणि इकडे कॉम्प्युटर वाजला: बाहेर कोणीतरी थांबलं आहे. तिला म्हटलं, एक मिनिट. ती म्हणाली, “जा. तुमचं दार वाजतंय.” आणि फोन ठेवला. लाट राहिली.
‘आत घ्या’ दाबलं. साहेब होते. मीटिंग आहे का, विचारलं. म्हणाले, नाही हो, तुम्ही जागेवर आहात का, तेवढंच बघत होतो.
जागेवर होतो.