मी साखळी तोडली त्याची हकीकत

पारनेर, एसटी स्टँडसमोर,
श्रावण, १९९९

तीर्थरूप दाजींच्या चरणी पारनेरहून कानिफनाथाचा दंडवत. आक्काला नमस्कार, आणि तिच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण हल्ली तुमच्या घरात सगळं त्याच्याच तंत्रानं चालतं असं ऐकतो. तुमचा खोकला कसा आहे? जामखेडला पाऊस झाला, की ढग नुसतं तोंड दाखवून बीडकडे निघून गेले? म्हैस दूध चोरते म्हणून लिहिलं होतंत, ती सुधारली का? इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहावंच लागतं म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचून झालं की त्यातलं थोडं वजा करा.)

पत्रास कारण विशेष काही नाही. तुम्हाला माहीतच आहे, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या आमच्या दुकानामागच्या खोलीत मी एक कॉम्प्युटर जुळवला आहे. तुम्ही मागं आलात तेव्हा सौ. जयमालानं त्याच्यावर टॉवेल टाकून वर हळदकुंकू वाहिलं होतं आणि तुम्ही त्याला हात जोडले होतेत. तेच ते मशीन. त्याला आता टेलिफोनची वायर जोडली आहे. पुण्याला एसटीडी लागला की मोडेम नावाची डबी दोन बोके भांडल्यासारखी किंचाळते, आणि मग जगभरची पत्रं खोलीत उतरतात. (मध्येच कुणी बाहेरचा फोन उचलला की सगळं जागच्या जागी मरतं. आमच्याकडे हमखास कुणीतरी उचलतं.) या वाटेनं मी विज्ञानाची हौस असणाऱ्यांच्या एका कंपूत सामील झालो. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत, बंगळुरूचा एक कॉलेजकुमार आहे, कॅनडात अंगणात पाऊस मोजणाऱ्या एक बाई आहेत. आम्ही कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण त्या बाईंच्या मांजराचं ऑपरेशन झालं तेव्हा मला दोन दिवस चैन नव्हतं. मी तिथं के. एन. या नावानं वावरतो, कारण कानिफनाथ असं पूर्ण लिहिलं की पुणेकर विज्ञान सोडून मढीच्या यात्रेची चौकशी करतात. सध्या सगळे एकतीस डिसेंबरच्या काळजीत आहेत. त्या रात्री कॉम्प्युटरांना सन दोन हजार हा एकोणीसशे वाटणार आणि जग बंद पडणार म्हणे. मी त्यांना कळवलं की माझ्या मशीनमधली बॅटरी मेलेली असल्यामुळे त्याला रोज सकाळी एकोणीसशे ऐंशी साल वाटतं, आणि तरी पारनेरचा कारभार सुरळीत चालू आहे. यावर माझं तिथं बरंच कौतुक झालं.

सांगायचं कारण, मी भित्रा माणूस नाही. परवाच्या दिव्याच्या अवसेला सूर्यग्रहण लागलं तेव्हा तुमची भाची, आमची पूजा, आठवा सरून नववा लागलेली, माहेरी बाळंतपणाला आलेली. जयमालानं तिला कोपऱ्यात बसवलं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, कूस बदलायची नाही. मी समोर उभा राहून चंद्राच्या सावलीवर व्याख्यान दिलं आणि स्वतःच्या हातानं दोन वांगी चिरून दाखवली. (वांगी किडकी निघाली. त्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही.) ढगांमुळे ग्रहण दिसलंच नाही, पण तत्त्व म्हणून मी जिंकलो.

आणि मग ते पत्र आलं. कॅनडाच्या पाऊसवाल्या बाईंकडून! आमच्या मंडळींत असलं काही पाठवायला सक्त मनाई आहे, आणि ती मनाई घालायला लावणाऱ्यांत मीच पुढे होतो. बाईंनी वर लिहिलं होतं की माफ करा, माझा विश्वास नाही, पण माझं मांजर नुकतंच बरं झालंय. खाली मजकूर. हे पत्र सात समुद्र फिरून आले आहे. नऊ जणांना पाठवा. नॉर्वेतल्या एका मास्तरानं पाठवलं, त्याला शेतात झरा लागला. चिलीतल्या एका फौजदारानं हसून पुसून टाकलं, महिनाभरात त्याच्या घरातल्या सगळ्यांत नाजूक जिवाचं वाईट झालं. काय वाईट ते लिहिलेलं नाही. दाजी, ते लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आपलं जुनंच पोस्टकार्ड. तुम्ही दरवर्षी मला पाठवायचात आणि मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं काढून परत धाडायचो, तेच. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. इथल्या आमच्या विज्ञानप्रेमी मंडळाची बैठक रविवारी असते, तो रविवार नेमका पंधरा ऑगस्टचा होता, झेंडावंदन आटोपून सगळे इस्त्रीच्या कपड्यांत आले होते. मी त्या सर्वांसमोर पत्र पडद्यावर आणलं, मराठीत अर्थ सांगितला, अंधश्रद्धा आता विमानातून प्रवास करू लागली आहे असं एक वाक्य टाकलं (ते आदल्या दिवशी तयार केलं होतं) आणि एका बोटानं पत्र पुसून टाकलं. वर मशीनची कचरापेटीही रिकामी केली. टाळ्या पडल्या. टेम्पोवाल्या गोरक्षनं तर शिट्टी मारली.

टाळ्या थांबल्यावर दूध संकलन केंद्रावरचा सूर्यभान उठला. हा माणूस दर बैठकीला एकच प्रश्न विचारतो आणि तो आठवडाभर माझ्या उरावर बसतो. म्हणाला, ‘‘सर, पोस्टकार्डाचं ठीक हाय, त्याला काय डोळं न्हाईत. कोन पाठीवतंय न् कोन न्हाई, त्याला कळायचं कसं? पर ह्ये मशीन तर समदं ध्यानात ठिवतंय म्हनता तुमी. मग ह्याला कळत आसंल की तुमी पुसलं त्ये.’’

मी त्याला हसून उत्तर दिलं. बरंच लांब दिलं. पण दाजी, बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सूर्यभानचं बरोबर आहे. तुमच्या पोस्टकार्डामागं देव होता, आणि देव मी मानत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण कॉम्प्युटर मी मानतो! कुठलं पत्र कुणी, कुणाला, केव्हा धाडलं याची नोंद वाटेतल्या प्रत्येक यंत्रात राहते, हे मीच मंडळात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. म्हणजे जगात पहिल्यांदाच अशी एक साखळी निघाली होती की जिला, तोडणारा कोण ते खरोखर कळू शकतं. शिक्षा कोण करणार हे विज्ञानाला अजून सांगता येत नाही. पण विजेनं झाड पेटवलं तेव्हा ती कुठून येते हे तरी माणसाला कुठं माहीत होतं?

विजेवरून आठवलं. दोन दिवसांनी पाऊस चारच थेंब आला, पण वीज स्टँडमागच्या खांबावर पडली, तारेतून घरात शिरली आणि मोडेमचा कोळसा झाला. टीव्ही शाबूत, फ्रीज शाबूत, फक्त ती डबी. मी जयमालाला समजावलं की टेलिफोनच्या तारेला अर्थिंग नव्हतं. ती म्हणाली, बरं. मी पुन्हा समजावलं. ती म्हणाली, ‘‘अवो, मी इचारलंय का?’’

त्याच आठवड्यात पूजाला तपासायला नगरला नेलं, टेम्पो गोरक्षचा. डॉक्टरीणबाई हात फिरवून म्हणाल्या, बाळ पायाळू दिसतंय, डोकं वर आहे. अजून वेळ आहे, फिरेल, नाही फिरलं तर ऑपरेशन करू, घाबरायचं कारण नाही. पूजा घाबरली नाही. जावईबापू घाबरले नाहीत. जयमाला तर म्हणाली, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, बरंच हाय की. मी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसलो तो गोरक्षनं हाताला धरून उठवीपर्यंत उठलो नाही. सगळ्यांत नाजूक जीव. आमच्या घरात सध्या तो कोण, हे सांगायला चिलीचा फौजदार नको.

खरं सांगतो दाजी, मला भीती वाटते. आयुष्यात कधी वाटली नाही इतकी वाटते. पूजा पायरी उतरू लागली की मी खाली जाऊन हात पसरून उभा राहतो. ती खोकली की मी हातातला सोल्डरिंगचा गज बोटावर टेकवतो. (तीन बोटं भाजली आहेत, अक्षर त्यामुळे असं आलं आहे.) मशीनच्या पोटातून पुसलेलं पत्र परत काढायचा प्रयत्न केला, निव्वळ अभ्यास म्हणून. तर पत्राऐवजी पूजाच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी बाहेर आली, तीही अर्धी. आणि पत्र सापडलं असतं तरी पाठवणार कशानं, डबी जळालेली. आणि डबी शाबूत असती तरी पाठवणार कुणाला? माझ्याकडचे सगळे पत्ते त्या विज्ञानवाल्यांचे. के. एन. घाबरला हे पुण्याच्या इंजिनिअरांना कळण्यापेक्षा मी पारनेर सोडून जाईन. जयमालाला सांगावं तर ती ग्रहणातली वांगी काढील. काल तिनं माझ्या ताटातली भाकरी तशीच पाहून विचारलं, ‘‘तुमाला काय व्हतंय? पोरीला न्हाई एवढं तुमाला कळा येत्यात का?’’ मी म्हटलं, ॲसिडिटी.

तर असं आहे. पण याचा अर्थ मी डगमगलो असा कृपा करून काढू नये. मी साखळी तोडली ती तोडली. शास्त्र म्हणजे शास्त्र. एका पत्रापायी जन्मभराची मतं विकायला मी काही बाजार समितीत बसलेलो नाही. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाजवळ मन मोकळं केलं, बरं वाटलं, इतकंच. आक्काला गुडघ्याला शेक द्यायला सांगा. म्हशीचं रेडकू आधी सोडा, मग दूध काढा. लोभ आहे तो दुप्पट करा, इकडून तितकाच समजा.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
कानिफनाथ

ता. क. सोबत नऊ कोरी आंतरदेशीय पत्रं आणि एक लिहिलेला कागद आहे. तो मजकूर माझ्या तोंडपाठ निघाला. शाळेत आठ ओळींची कविता पाठ होत नव्हती, हा शब्दन् शब्द झाला. तुमच्या ओळखीच्या नऊ भाविक माणसांना तुमच्या हस्ताक्षरात पाठवावा, ही नम्र विनंती. कॅनडाचं मशीन टपाल हिशेबात धरतं की नाही ते मला माहीत नाही, पण विचारायची सोय राहिलेली नाही. माझं नाव कुठंही येऊ देऊ नका.

ता. क. २. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, तेवढ्यात पूजाला कळा लागल्या. गोरक्षच्या टेम्पोतून नगर गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आपलं आपण फिरलंय. मुलगी झाली. दोघी सुखरूप. हे सगळं होईपर्यंत पाकीट माझ्या खिशातच होतं, म्हणजे एकही प्रत न जाता सगळं नीट पार पडलं. विज्ञान जिंकलं, दाजी! वरची विनंती रद्द समजावी, तो कागद चुलीत घालावा आणि आंतरदेशीय पत्रं आक्काला वापरायला द्यावीत.

ता. क. ३. चुलीत घालू नका. आत्ता नर्सबाईंनी मुलगी माझ्या हातात दिली होती. तिचं वजन हाताला लागतसुद्धा नाही. डोळे मिटलेलेच होते, पण माझं भाजलेलं बोट तिनं मुठीत धरलं आणि सोडेना. फार लहान आहे हो, दाजी. नऊच्या नऊ पाठवा, आणि आजच पाठवा.