पुलावरचा पंखा

सर, आज ऑफिसात एका तरंगत्या पुलावरून दोन तास वाद झाला आणि तुमची इतकी आठवण आली की घरी येऊन, स्वयंपाक बाजूला ठेवून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पाठ ताठ करूनच बसते.

काम असं आहे. कुठल्याशा थंड देशात समुद्र जमिनीत खोलवर शिरला आहे, आणि तळ इतका खाली की खांब रोवता येत नाहीत. म्हणून पाण्यावर तरंगणारा पूल करायचा, आणि समुद्रावरचा वारा फुकट जाऊ नये म्हणून त्याच पुलाच्या तरंगत्या पायांवर पवनचक्क्या उभ्या करायच्या. पुलाला जागेवर धरणारे नांगर आणि साखळदंड पवनचक्क्यांनाही कामी येतात, वीज नेणारी तार पुलावरूनच जाते. आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे त्यातली आकडेमोड आणि नकाशे आले आहेत. साहेबांनी चित्र पडद्यावर लावलं तेव्हा सगळे म्हणाले, काय नवी कल्पना आहे! मी गालातल्या गालात हसले. मी हे शाळेत असताना पाहिलंय, तेही डांबराच्या ड्रमांवर, असं सांगितलं असतं तर बाईंना जरा विश्रांतीची गरज आहे असंच त्यांना वाटलं असतं.

आमचं गाव नदीच्या पलीकडे, शाळा अलीकडे, आणि तालुक्याचं अहेरी त्याहून पुढे. दिवाळीनंतर पूर ओसरला की गावातले लोक रस्त्याच्या कामावरचे रिकामे ड्रम बांबूंना बांधून पूल टाकायचे आणि पावसाळ्याआधी सोडून घ्यायचे. दोर बांधायचं काम बाबांचं, ते आम्हा मासेमार ढिवरांमधले जाणते. पूल नव्हता तेव्हा मुलींना कोणी शाळेत पाठवत नसे, कारण सकाळी सगळे डोंगे मासे धरायला जात आणि पोरींना पोचवायला रिकामं कोणी नसे. पूल झाला आणि आम्ही काही जणी शाळेत आलो. बाबांचं म्हणणं सरळ होतं, पूल आहे तोवर शाळा.

तुम्ही घुग्घुसहून विज्ञान शिकवायला आलात. तुमच्या गावच्या खाणींतला कोळसा जाळून साऱ्या देशात उजेड आणि इथली पोरं चिमणीत डोळे फोडतात, याचा तुम्हाला मनापासून राग यायचा. त्या रागातून वाऱ्यावर वीज करणारा तो पंखा झाला. घुग्घुसच्या भंगारातून ट्रकचा डायनामो आणलात, सुताराकडून सागाची पाती तासून घेतलीत. चारी बाजूंना जंगल, वारा शेंड्यांवरून निघून जातो, मोकळा सापडतो तो नदीवरच, म्हणून पंखा पुलाच्या मध्यावर उभा राहिला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं गाव म्हणालं, पण खांब उभा करायला हातही गावानेच लावला. दिवसभर बॅटरी भरायची आणि संध्याकाळी तुम्ही ती सायकलवर लादून शाळेत आणायचात. पहिल्या दिवशी ट्यूब लागली तेव्हा मी पुस्तक मिटून तिच्याकडेच बघत बसले. तुम्ही पाठीत धपाटा घातलात. "दिव्याकडे काय पाहून राह्यली, पुस्तकात पाह्य." मी पुस्तकात पाहिलं, पण वाचलं मात्र काहीच नाही.

पुलाचे सगळे दोर वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला बांधलेले होते. नदी खालीच ढकलते, वर कोण ढकलणार, असा बाबांचा हिशोब, आणि तो दरवर्षी बरोबर निघाला होता. पंखा उभा करताना तुम्हीही तो तसाच धरून चाललात.

फाल्गुनातली दुपार आहे. शाळा सुटली आहे, आम्ही तिघी पुलाच्या मध्याजवळ आहोत, आणि प्रवाहाच्या उलट्या दिशेने वादळ येतं. पंखा सुसाट फिरतो, खांब कलतो आणि सगळा पूल वरच्या अंगाला सरकायला लागतो. इतके दिवस ताणलेले दोर ढिले पडून पाण्यात लोंबतात. दोन ड्रम सुटून जातात, आम्ही खाली बसून बांबूला मिठी मारतो. तुम्ही काठावरून कुऱ्हाड घेऊन धावत येता, पण आधी पंख्याचं शेपूट ओढून त्याचं तोंड वाऱ्यावरून वळवू बघता. एकदा जमत नाही, म्हणून पुन्हा ओढता. डोंग्यातून बाबा ओरडतात, "मास्तर, पंखा सोडा. पोरी हायेत पुलावर." तुम्ही एकदा वर बघता आणि बुंध्याची बांधणी तोडता. एक घाव दोन तुकडे. पंखा डायनामोसकट डोहात जातो, पूल हळूहळू सरळ होतो आणि आम्ही तिघी चालत घरी जातो.

संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमली. आता पूल बांधायचाच नाही असं ठरलं तर माझी शाळा संपली होती, म्हणून मी दारामागे कान लावून उभी होते. चूक माझी, असं तुम्ही आल्या आल्या सांगितलंत. बाबा म्हणाले, "दोर म्या बांधले. तुमी एकटे काऊन घेता अंगावर?" मग ठरलं की पूल पुन्हा टाकायचा, या खेपेला दोर दोन्ही अंगांनी, पण पंखा नाही. तुम्ही लगेच होकार दिलात. पुढच्याच रविवारी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बांबू देत होतात. त्याच पुलावरून जाऊन मी दहावी झाले, आणि त्याच वर्षी मलेरिया डोक्यात चढून तुम्ही गेलात.

आजचा वाद यावरच होता, की फारच मोठं वादळ आलं तर आधी काय जाऊ द्यायचं. बाकीचे पवनचक्कीला जपत होते, ती महागाची. मी म्हटलं, तिच्या बुडाशी असा जोड द्या की तो आधी तुटेल आणि ती पुलापासून लांब पडेल, कारण पुलावर माणसं असतात. नांगर मात्र नकाशात आधीपासूनच दोन्ही बाजूंना दाखवलेले होते, हे बाबांना कळवलं तर बरं वाटेल त्यांना. साहेबांनी विचारलं, हे कुठे वाचलं? मी म्हटलं, गावाकडे. ते हसले, पण जोड नकाशात आला.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कपाटात राहतील. पण एक सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी चपला घालताना तुम्ही कोणाकडेही न बघता म्हणालात, "जाऊ द्या. तसाही तो पंखा मले एकट्यालेच पाहिजे होता." मी दारात रडत होते, पोर भ्याली म्हणून आईने मीठमिरच्या उतरवून टाकल्या. मी भ्याले नव्हते. तुमच्यावर चिडले होते, पंखा तोडलात म्हणून. नंतर किती दिवस तुमच्या तासाला मी मान वर केली नाही आणि तुम्ही काय समजलात कोण जाणे. तो तुम्हाला एकट्याला नको होता, सर. मलाही हवा होता.