जावई म्हणू नका

कॉर्क

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच बाबा.

आज नातेवाइकांच्या ग्रुपवर तुम्ही जांदिरचा फोटो टाकलात. खाली लिहिलंत, 'आमचे जावई, ब्राझीलचे थोर गायक आणि संगीतकार.' आमच्या लग्नाला आला नाहीत, तेव्हा तो तुमच्या तोंडी 'गुत्त्यात गाणारा' होता.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातून आलेला हा माणूस दिवसा इथल्या हॉटेलात भांडी घासायचा आणि संध्याकाळी पबमध्ये स्वतःची गाणी म्हणायचा. तीच गाणी पुढे त्याच्या देशात घराघरांत पोचली. कॅन्सरनं घसा गेला, तरी तो गिटारवर चाली बांधत राहिला आणि दुसऱ्यांकडून गाऊन घेत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही सँडीफोर्डला विशालदादाकडे होतात. जांदिर इथं हॉस्पिटलमध्ये शेवटचे दिवस मोजत होता. दादा म्हणाला, "बाबा, तीन तासांचा रस्ता आहे, मी नेतो." तुम्ही म्हणालात, "मला प्रवास झेपत नाही." त्याच आठवड्यात तेवढ्याच लांबच्या, समुद्रकाठच्या मोहरच्या कड्यांवर उभं राहून हसत फोटो काढलेत.

आता त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम आहे, तर तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची हवीय आणि स्टेजवर दोन शब्द बोलायचेत.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही ते आईला वाचून दाखवाल आणि तीच रडत बसेल. उद्या फोनवर एवढंच सांगेन, की येऊ नका. तरीही आलात, तर दारात मी उभी असेन. तुम्हाला आत सोडणार नाही.

जांदिरची,
शिवांगी