न्हाणीचं दार

आई, आज तुझा फार राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुझ्यावर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं आहे हे मला कळतं. पण मी तुझीच मुलगी, भिंतीशीही भांडते. झालं असं, की आज आमच्या बिल्डिंगमध्ये दानासाठी सामान गोळा करायचं होतं. खाली जिन्यापाशी मोठाली खोकी मांडली होती आणि लोक हसत हसत येऊन त्यांत टाकत होते. एकाच पायाची सँडल. झाकण हरवलेला कुकर. जरीची विरलेली साडी, जी नेसून कुठल्याही बाईला भांडी घासता यायची नाहीत. लग्नात आलेली घड्याळं, सगळी बंद. मी विचारलं, हे जातंय कुठे? सेक्रेटरी म्हणाले, "आंटीजी, कोई संस्था है. गरीब लोग हैं, सब काम आ जाता है." संस्थेचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तिथे मुलं राहतात की म्हाताऱ्या, तेही नाही. "अहो, मग आधी विचारा ना त्यांना काय हवंय ते!" मी इतक्या जोरात ओरडले, की लिफ्टमधून बाहेर येणारा एक गृहस्थ पुन्हा आत गेला. आणि तेवढ्यात माझी सून खाली आली, हातात आपला तो पाट घेऊन. त्याचं पुढे सांगते, कारण सगळं भांडण त्या पाटावरूनच आहे.

लोकांना वाटतं, हे 'आधी विचारा' मी तुझ्याकडून शिकले. कसलं शिकले! तू कुणाला कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. होळकरांचं राज्य जाऊन मध्य भारत हा नवा प्रांत झाला होता, आणि त्या सरकारला राजधान्या दोन: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. बाबा सचिवालयात कारकून. थंडी पडायला लागली की ते फायलींच्या पेट्यांबरोबर ग्वाल्हेरला जायचे, ते उन्हं तापल्यावर परत यायचे. मधले सगळे महिने रामबागेतल्या आपल्या भाड्याच्या घरात तुझं राज्य. आम्ही पाच भावंडं, आत्या, शिकायला येऊन राहिलेला एक चुलतभाऊ, आणि वर तुझी ती जुनी इंदूर मोहल्ल्यातली संस्था. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं आत्या उठता बसता म्हणायची, आणि खरं सांगू, मला ते पटायचं.

संस्था म्हणजे तरी काय, दोन खोल्या आणि एक अंगण. सासर-माहेर दोन्हीकडून सुटलेल्या सहा-सात विधवा तिथे राहायच्या, पापड लाटायच्या, गोधड्या शिवायच्या. पाटी नाही, अध्यक्ष नाही, उत्सवाला कोणी पाहुणा नाही. शहरात मोठ्या संस्था होत्या, त्यांच्या समारंभांना बड्या अधिकाऱ्यांच्या बायका मोटारीतून यायच्या. तुलाही बोलावणं असायचं. तू जायची नाहीस. "मोठ्या देवळात नारळांची रास पडते," तू म्हणायचीस, "कोपऱ्यातल्या मारुतीला तेल कोण घालणार?" मग त्या मारुतीच्या तेलापायी आपण वर्षभर त्यांचेच पापड खायचो. भाजून, तळून, भाजीत घालून. शेजाऱ्यांच्या गळ्यात मारायचो. आमच्या मास्तरांनासुद्धा तू पापड धाडलेस, तेव्हा मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

त्या वर्षी माझं मॅट्रिक होतं. धान्याच्या कोठ्यांमागची लहान खोली तू मला अभ्यासाला दिलीस. जागा म्हणशील तर एक सतरंजी कशीबशी मावायची. पण तिला दार होतं. सागवानी, जड, आतून कडी असलेलं. मी कडी लावते आणि घर बाहेर राहतं. जन्मात पहिल्यांदा कोणी मला 'अगं, जरा याला धर' म्हणू शकत नाही. भूमितीचे सिद्धांत पाठ होईनात म्हणून दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं आकृत्या काढून ठेवल्या होत्या. त्या दारावर माझा किती जीव होता ते तुला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणूच नकोस.

आणि घात केला तो माझ्याच जिभेनं. संस्थेत डबा पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. तिथे माझ्याहून थोडीशीच मोठी एक जण होती, शिवण शिकायची, सारखी खोकायची. एकदा मी म्हटलं, औषध घे ना. तर ती म्हणाली, "औषधानं काय होतंय? काळोखात गार पाण्यानं न्हायचं, ओल्या केसांनी बसायचं." तिनं मला न्हाणी दाखवली. अंगणाच्या कोपऱ्यात तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला गोणपाट, आणि समोर शेजारच्या घराची गॅलरी, जिथे बाप्ये दिवसभर दात घासत, विडी ओढत उभे. म्हणून सगळ्या जणी उजाडायच्या आत उरकून घ्यायच्या. "मला एकदा उजेडात अंघोळ करायचीय गं," ती म्हणाली, "ऊन पाण्यानं. निवांत." मी घरी येऊन तुला हे सांगितलं. तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबलं. "मला कशी बोलली नाही कोणी? इतकी वर्षं जातेय मी तिथे!" मी म्हटलं, "तू विचारलंस का कधी?" जिभेला हाड नाही म्हणून तू मला झापलंस, पण ती पोळी तव्यावर करपली. तुझ्या हातून पोळी करपलेली मी तेव्हाच पाहिली.

पुढे संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. तू आळीभर निरोप दिलास, यंदा एकमेकींना वाण लुटू नका, तेच संस्थेसाठी माझ्याकडे आणून द्या. बायका मोठ्या मनाच्या, सगळ्यांनी आणलं. काय आणलं? कुंकवाचे करंडे! बाजारातून आधीच घेऊन ठेवलेले, पितळी, लाकडी, लाखेचे. विधवांच्या संस्थेला कुंकवाचे करंडे, आणि जोडीला हिरव्या बांगड्या. पाटावर ढीग लागत होता आणि एकीच्याही लक्षात येत नव्हतं. तू अत्तर लावता लावता सरळ म्हणालीस, "मला यातलं काही नको. तिथल्या न्हाणीला दार हवंय." मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "अहो, खोली बांधायची असती तर यांच्या वडिलांच्या नावाची फरशी बसवली असती. न्हाणीच्या दारावर कोणाचं नाव घालायचं, बाई?" दुसरी म्हणाली, "आणि मिळतंय ते घ्यावं ना त्यांनी. दान की बछिया के दाँत नहीं गिनते." तू फटकन म्हणालीस, "अहो, कालवड तरी द्या! तुम्ही नुसती तिच्या गळ्यातली घंटा देताय." बायका खूप हसल्या. तिळगूळ घेतला, गोड बोला म्हणाल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तो अंगणात हातठेला उभा. माझं दार बिजागऱ्यांतून सुटून त्यावर आडवं पडलेलं, आणि तू पदर खोचून ठेलेवाल्याला सांगते आहेस, "ओ भिया, जरा सँभाल के, कोना लग जाएगा." मी दप्तर टाकून ओरडले, "आई, ते माझं दार आहे!" तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "तुझ्या खोलीला पडदा चालतो. न्हाणीला चालत नाही." "पण माझी परीक्षा आहे!" "परीक्षा कपडे घालून देतात." आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, दार घरमालकाचं आहे!" ते मात्र खरंच तुझ्या लक्षात आलं नव्हतं, क्षणभर तुझा चेहरा पडला. पण ठेला तोवर फाटकाबाहेर निघाला होता, आणि तूही त्याच्या मागोमाग गेलीस.

माप घेणं वगैरे तुला ठाऊकच नव्हतं. दार न्हाणीपेक्षा उंच निघालं. सुतारानं खालून दीड वीत कापलं, तो तुकडा तू काखेत मारून घरी आणलास. खाली दोन पट्ट्या ठोकून त्याचा पाट करवलास आणि जेवायच्या वेळी माझ्यापुढे सरकवलास. "घे तुझं दार." भावंडं खो खो हसली. मी त्या दिवशी उभ्यानं जेवले.

घरमालक शेठ भाड्याला आला तेव्हा मला वाटलं, आता हिची खोड मोडेल. त्यानं उघड्या चौकटीत डोकं घालून पाहिलं. "बाईजी, किवाड़ कहाँ गया?" तू त्याला पाणी दिलंस आणि म्हणालीस, "धरम में गया, सेठजी. पुण्य आपको ही लगेगा." मग सगळी हकिगत सांगितलीस. शेठ विरघळला, इतका की म्हणाला, किवाड़ पर मेरे पिताजी के नाम की तख्ती लगा देंगे. तू शांतपणे म्हणालीस, "लगा दीजिए. लेकिन फिर नाम पढ़ने को मर्द लोग न्हानी के सामने खड़े रहेंगे. चलेगा?" शेठ पाणी पिऊन गेला. तख्ती लागली नाही, पण नवं दारही त्यानं कधी लावून दिलं नाही. बाबा ग्वाल्हेरहून परतले ते त्या चौकटीपुढे ट्रंक घेऊनच उभे राहिले. "आमचं सरकार दर सहा महिन्यांनी सगळं हलवतं," ते म्हणाले, "पण दारं तरी जागच्या जागी ठेवतं." लष्कराच्या भाकऱ्या भाजताना तू घरच्यांना उपाशी ठेवतेस, असंही म्हणाले. तू त्यांना पापड तळून दिलेस.

मी तुझ्या निळ्या पातळाच्या पडद्याआड अभ्यास केला. पडद्याखालून धाकट्याचं डोकं यायचं, मांजर यायचं, आत्याची हाक यायची. मला दुसरा वर्ग मिळाला. पहिला हुकला तो त्या दारापायी, असं मी तुला किती वर्षं ऐकवत होते! तू एकदाही 'चुकलं माझं' म्हणाली नाहीस. दार तुझं द्यायचं होतंस ना. तुझ्या कोठीच्या खोलीला होतं की. पण नाही, हाताशी आलं ते माझंच.

दार गेल्यावर पहिल्यांदा डबा घेऊन गेले ते मुद्दाम तोंड फुगवून. भर दुपार, अंगणात ऊन, आणि कोपऱ्यात माझं दार बंद. आतून पाण्याचा आवाज, तांब्यामागून तांब्या. ज्यांना सगळ्या मावशी म्हणायच्या त्या म्हाताऱ्या बाई ओसरीवर तपकीर ओढत होत्या. तपकिरीची डबी म्हणजे हळदीकुंकवाला आलेला लाखेचा करंडा. "बैस गं," त्या म्हणाल्या, "ती काही लवकर येत नाही आताशा." मी बसले. गॅलरीतले बाप्ये इकडेतिकडे बघून कंटाळून आत गेले. पुष्कळ वेळानं ती बाहेर आली, केस मोकळे, गाल लाल. मला बघून म्हणाली, "दार तुझं होतं ना? आत आकृत्या आहेत पेन्सिलीच्या. पुसून जातील म्हणून मी त्या बाजूला पाणी उडवत नाही." मी म्हटलं, "उडव गं, खुशाल उडव." आणि घरी येऊन तुझ्याशी पुन्हा भांडले, कारण आता धड रागावताही येत नव्हतं.

आता मी स्वतः दोन-चार लहान संस्थांना मदत करते. मोठ्यांची फोटोवाली पत्रकं येतात, ती रद्दीत जातात. पण या लहानांचाही ताप काही कमी नाही बरं. काय हवंय विचारलं की पलीकडून उत्तर, "आपकी जो श्रद्धा." अरे, श्रद्धेनं काय दिवा लागतो का? इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, म्हणून मागायची सवयच मोडलेली. मग मी जाऊन बसते, चहा पिते, न्हाणीघर बघते. आधी न्हाणीघर बघते. लोकांना वाटतं, म्हातारी वेडी आहे.

तर आज सून तो पाट घेऊन खाली आली. "आई, हा कुणी वापरत नाही, देऊन टाकू या?" तिचं काय चुकलं? गुडघे वाकत नाहीत, त्या पाटावर मी बसले त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. आणि मी, जी दोन मिनिटांपूर्वी सगळ्या बिल्डिंगला दान शिकवत होते, तिनं सगळ्यांदेखत तो पाट तिच्या हातातून हिसकावून घेतला. सेक्रेटरी बघत राहिले. सून बिचारी एवढंच म्हणाली, "बरं, राहू दे."

हे पत्र कुठे धाडायचं म्हणा. पाटाखाली सरकवून ठेवते. आता माझा राग नेमका कशावर आहे ते तुला कळलं असेल. कुणाला पाट हवाय का, हे मी आज विचारलं नाही. कुणी हवा म्हटलं असतं तरी दिला नसता. तू माझं अख्खं दार देऊन मोकळी झालीस, आई. मला त्यातली दीड वीत फळी देववली नाही.