दरवाजा क्रमांक दोनच्या वहीतील रिकाम्या रकान्याबाबत

सरावली, बोईसर
रविवार, दिनांक १९

श्री. पुंजाराम रंगनाथ गाडेकर यांस शिवाजी बाबूराव कणसे याचा आदरपूर्वक नमस्कार.

मी येथे ठीक आहे. तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या विहिरीचे पाणी ही तिन्ही उत्तम असावीत, अशी आशा करतो. पत्रास सात महिने उशीर झाला. त्याचे कारण असे की जाताना तुम्ही गावचा पत्ता दिला नाहीत. तो मला टाइम ऑफिसच्या रूपालीबाईंकडे रीतसर अर्ज करून मिळवावा लागला. (अर्जात कारण ‘कार्यालयीन’ असे लिहिले आहे. ते खोटे नाही, हे पुढे कळेल.) तुमचा फोन नंबर माझ्याजवळ आहे. परंतु फोनवर माणसाला सही करता येत नाही.

तुम्ही सेवानिवृत्त झालात त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात आपली ताबा वही बंद झाली. ज्या वहीत आपण दोघांनी सव्वीस वर्षे सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ‘ताबा दिला’, ‘ताबा मिळाला’ असे लिहून सह्या केल्या, ती वही कपाटात ठेवा असे वरून सांगण्यात आले. (लिहू नका असे कोणी सांगितले नाही, म्हणून मी लिहितो.) तिच्याऐवजी दरवाज्यावर एक संगणक आला असून पाळी बदलताना ताबा ई-मेलने द्यावा, असा हुकूम आहे. प्रत्येकाच्या नावाने खाते उघडले गेले. यादी जुनी असल्यामुळे तुमच्याही नावाने उघडले गेले. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण सर्व घोटाळा तेथूनच सुरू होतो.

खात्यासोबत नियमांची दोन पाने मिळाली. मी चौथीपर्यंत शिकलेला असलो तरी सही करण्यापूर्वी वाचतो, हे तुम्ही जाणता. तीन वेळा वाचली आणि मला ती आवडली. खुर्चीवरून उठताना खाते बंद करावे, हे योग्यच आहे. अनोळखी माणसाने पाठवलेले काही उघडू नये, हे तर आपण दोघे संगणक नव्हता तेव्हापासून करत आलो. आठव्या नियमात असे आहे की पत्र सभ्य भाषेत लिहावे, रागाच्या भरात लिहू नये आणि लिहून झाल्यावर एकदा शांतपणे वाचून मगच पाठवावे. हा नियम वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ दरवाज्याबाहेर जाऊन उभा राहिलो. त्याविषयी शेवटी लिहीन.

माझी चूक झाली ती पहिल्या नियमात. पासवर्ड म्हणजे खात्याची किल्ली, ती कोणासही देऊ नये, असा तो नियम आहे. आता तुम्हीच सांगा, पाळी संपल्यावर कंपनीची किल्ली खिशात घालून घरी नेणाऱ्या पहारेकऱ्याला आपण काय म्हणत होतो? मी असा अर्थ घेतला की परक्याला देऊ नये. म्हणून रोज संध्याकाळी पासवर्ड स्वच्छ अक्षरात वहीत लिहून तुमच्या जागी आलेल्या सुकाच्या स्वाधीन करत असे व सही घेत असे. (सुका मनोरच्या डोंगराकडचा आहे, चाळिशीचा, कामास चोख. लावणीच्या दिवसांत मात्र सापडत नाही.) पंधरा दिवस त्याने निमूटपणे सही केली. सोळाव्या दिवशी म्हणाला, “दादा, चावी कोनाला देऊ नका असं सायबांनी लिवलंय, न् तुमी ती वहीत लिवून माझी सही मागता. आता मी घ्यायची का नाय, तेवढं सांगा.” मी त्यास सांगितले की ताबा म्हणजे ताबा. पुढे एका टँकरच्या ड्रायव्हरने वहीत डोकावून ती ओळ वाचली आणि जाताना मला म्हणाला, “चाचा, आपका पासवर्ड बहुत बढ़िया है, मैंने भी वही रख लिया.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही किल्ली कुलपाच्या किल्लीसारखी नाही. पाहिली की चोरीस गेली. त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात आहे आणि मी रोज कंपनीची वस्तू घेऊन घरी जातो. मनाला ते अजून बरे वाटत नाही.

मध्यंतरी सर्वांना एक मेल आला की बोनसची यादी पाहण्यासाठी येथे दाबा. आपल्या कार्यालयातील अर्ध्या साहेबांनी दाबले. मी उत्तर पाठवले की आपण कोण, कोठून आलात, आत कोणाला भेटायचे आहे, ओळखपत्र घेऊन दरवाजा क्रमांक दोनवर समक्ष यावे, तोपर्यंत आपले पत्र बाहेर उभे राहील. नंतर कळले की तो मेल कंपनीनेच परीक्षा घेण्यासाठी पाठवला होता. सर्वांसमोर माझे नाव घेऊन टाळ्या वाजवण्यात आल्या. त्या वेळी मी सवयीने डावीकडे पाहिले. डावीकडे तुम्ही उभे राहत होतात. तेथे फळ्यावर सुरक्षा सप्ताहाचे चित्र होते.

आता मुख्य गोष्ट. नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. मी नवीन घातला आणि दोन दिवसांच्या सुट्टीत विसरलो. तीन वेळा चुकल्यावर खात्याला कुलूप पडले. संगणक विभागाच्या रुचिताबाई आल्या. (वय तिशीचे, बोलणे मऊ, पण नियमाला माझ्याइतक्याच पक्क्या.) त्यांनी सांगितले की खाते उघडताना यंत्राने मला एक खाजगी प्रश्न विचारला होता व त्याचे उत्तर दिले की कुलूप निघेल. प्रश्न असा होता: आपल्या सर्वांत जवळच्या मित्राचे नाव काय? सुका तेथेच उभा होता. अशी गोष्ट चारचौघांत उच्चारण्याची मला सवय नाही, म्हणून मी चिठ्ठीवर लिहून दिले. रुचिताबाईंनी ‘पुंजाराम’ घातले. यंत्राने मानले नाही. मी खाली मान घालून सांगितले की आधी ‘श्री.’ लावावे आणि पुढे वडिलांचे नाव व आडनाव लिहावे, मी त्यांना कधी एकेरी लिहीत नाही. तसे केल्यावर कुलूप निघाले.

कुलूप निघाले तशी समोर पाठवलेल्या पत्रांची यादी आली. सुकाला पाठवलेली सोडून एकशे अठ्ठावीस पत्रे. सर्व तुमच्या नावाने. रुचिताबाईंनी यादी खालपर्यंत सरकवून पाहिली. मग म्हणाल्या, “काका, हे गाडेकरांचं खातं आजवर कुणी एकदाही उघडलेलं नाही. तुम्ही लिहीत होतात तरी कुणाला?”

मी म्हणालो, “ताबा देत होतो.”

ते खरे आहे. सुकाला लागणारी गाड्यांची माहिती मी त्यास वेगळी पाठवत होतो. परंतु तुमचे नाव यादीत दिसत असताना तुम्हाला ताबा न देता उठणे मला जमले नाही. कामाच्या ओळी संपल्या की ‘शेरा’ असे लिहून मी खाली चार गोष्टी लिहीत असे, जशा आपण वहीच्या कडेला लिहीत होतो. दरवाज्याजवळच्या बदामाला औंदा फळे धरली. तुमच्या स्टुलाचा पाय मी ठोकून घेतला, त्यावर आता कोणी बसत नाही. सुकट विकायला येणाऱ्या मुरबे गावच्या चंद्रकांताबाई अजून विचारतात, “तो नाक दाबणारा बावा कुठं गेला? तो नाय तर टोपली उतरायला मजा नाय.” एका बोटाने टंकताना दहा ओळींस पाऊण तास लागतो. सुका तोपर्यंत चहा थंड करून पितो. उत्तर येत नाही याचे मला नवल वाटले नाही. मला वाटले, तुम्ही रागावलेले आहात आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे वाचून गप्प बसला आहात. कोणी वाचतच नव्हते, हे मला रुचिताबाईंकडून समजले.

अकराव्या नियमाप्रमाणे सेवा सोडलेल्या माणसाचे खाते ठेवता येत नाही. तीस तारखेस तुमचे खाते, माझ्या सर्व पत्रांसह, पुसले जाणार आहे. मी हरकत घेतलेली नाही. नियम बरोबर आहे. रुचिताबाईंनी मला समजपत्र द्यायला हवे होते, कारण खाते फक्त कामासाठी वापरावे असाही नियम आहे. त्यांनी चौकशीच्या कागदावर ‘पाळी बदलाचा व्यवहार’ एवढेच लिहिले आणि मला म्हणाल्या, “काका, पोस्टाने लिहा.” म्हणून हे पत्र.

आता आठवा नियम. तुमच्या शेवटच्या पाळीस तुम्ही संध्याकाळी सातऐवजी सात वाजून बारा मिनिटांनी आलात. तुमच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. प्रत्येक विभागात जाऊन तुम्ही पेढे वाटत होतात, हे मला ठाऊक होते. तरीही मी वहीत लाल शाईने ‘ताबा घेणारे १२ मिनिटे उशिरा’ असा शेरा लिहिला. सव्वीस वर्षांत असा शेरा मी तुमच्यावर प्रथमच लिहिला आणि तो शेवटच्या दिवशी लिहिला. तुम्ही वाचलात, पेढा माझ्यासमोर ठेवलात आणि सही न करता स्टुलावर जाऊन बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, तोवर तुम्ही चाव्या सुपरवायझरकडे देऊन निघून गेला होतात. शेरा खरा होता, म्हणून मी तो खोडलेला नाही. खरे तर मी उशिराबद्दल रागावलो नव्हतो. उद्यापासून कोणाची वाट पाहायची, याचा मला राग आला होता. ते लिहिण्यासाठी वहीत रकाना नव्हता.

तुमच्या सहीचा रकाना त्या दिवसापासून रिकामा आहे. कायद्याने पाहिले तर त्या संध्याकाळचा ताबा अद्याप माझ्याकडेच आहे आणि सात महिने झाले, मी पाळीवरून सुटलेलो नाही. तरी एका पोस्टकार्डावर ‘ताबा मिळाला’ असे दोन शब्द लिहून, खाली सही करून पाठवावे, एवढीच विनंती आहे. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
शिवाजी बाबूराव कणसे
पहारेकरी, दरवाजा क्रमांक दोन

ता. क. : पत्र बंद करताना लक्षात आले की पोस्टकार्डावरील सही नियमाप्रमाणे चालणार नाही. ती वहीतच हवी. वही दरवाज्याबाहेर नेता येत नाही आणि पान फाडणे हा गुन्हा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा सहीसाठी तुम्हाला स्वतः यावे लागेल, त्यास माझा इलाज नाही.

ता. क. दुसरा : नर्मदेने हे पत्र वाचले. ती म्हणते, “मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा मला एक चिठोरं लिहिलं नाही या माणसानं.” तिने तुमच्यासाठी अंथरूण उन्हात टाकले आहे. मी तसे सांगितले नव्हते.

ता. क. तिसरा : संगणकात वेळ दिसते म्हणून दरवाज्यावरचे जुने घड्याळ गेल्या आठवड्यात उतरवले. वायरमन सुजीतने तपासले, तर ते नऊ मिनिटे पुढे निघाले. म्हणजे तुम्ही तीनच मिनिटे उशिरा होतात. ही दुरुस्ती मी लाल शाईने शेऱ्याखाली लिहून माझी सही केली आहे. बोईसरला उतरल्यावर रिक्षा करावी. मी संध्याकाळी सातपर्यंत दरवाज्यावर असतो. त्यानंतरही असेन. येण्यास उशीर झाला तरी चालेल.