बंगईची कुरकुर

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

सागाची फळी, चार कड्या, साखळीची एकेक आकडी, वरचे हूक. सगळं माझ्या हातचं, कुणाकडे न शिकता. तरी हा झोपाळा, आमची बंगई, कुरकुरते! एका कडीत केसभर फरक राहिला. माझ्या कामात!

वरूडचा संत्रा-व्यापारी ती विकत घ्यायला येणार, म्हणून तेलाची कुपी घेऊन स्टुलावर चढलो. बायको, सुनंदा, खालून ओरडली, "अवो, तेल नका टाकू!"

"काहून वं? तो हसन मले."

"हसू द्या. ते कुरकुरते, तवाच माहा श्वास सुटते."

आई गेल्यापासून हिची छाती अचानक धडधडते, हात गार पडतात. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांसोबत झुलायला, श्वास सावकाश सोडायला सांगितलं, तेव्हा मी मनात हसलो होतो. आज धडधड आली आणि मी शेजारी बसून पाहिलं. कुरकुर, श्वास. कुरकुर, श्वास. हळूहळू तिची बोटं सैल झाली, चेहऱ्यावर रंग आला. हे कसं होतं? लाकूड मला कळतं. हे नाही कळत. नुसता बघत राहिलो.

मग व्यापाऱ्याला फोन केला, येऊ नका म्हणालो. पस्तीस हजार देत होता, रोख.